पान लावण्याची विद्या

मराठी समीक्षेत ‘वृत्तपत्री’ हे विशेषण जवळजवळ शिवीसारखे वापरले जाते. एखाद्या कादंबरीची भाषा सपाट वाटली, एखाद्या लेखात विचाराऐवजी हकीकत आढळली, की ‘हे लेखन वृत्तपत्री आहे’ असा शेरा मारून समीक्षक मोकळा होतो. असा शेरा मारणाऱ्यांपैकी किती जणांनी तीन रकान्यांची बातमी दीड रकान्यात बसवून पाहिली आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात ते विचारायचे आहे. वृत्तपत्र कसे लिहिले जाते आणि त्याचे पान कसे लावले जाते, या दोन्ही गोष्टी साहित्याच्या विद्यार्थ्याने हाताने करून शिकल्या पाहिजेत. मराठी विभागांनी हे शिक्षण टाळले. त्यात विद्यार्थ्यांचे नुकसान झालेच, पण त्याहून अधिक भाषेचे झाले, असे माझे म्हणणे आहे. महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठीचे नुकसान तर सर्वांत मोठे. म्हणून उदाहरण पुण्या-मुंबईचे न घेता छत्तीसगडातील भिलाई-दुर्ग परिसरातल्या बोरसीचे घेणार आहे. पण त्याआधी थोडे घरातले हिशेब.

आधुनिक मराठी गद्य कोठे घडले या प्रश्नाचे उत्तर आपण ग्रंथांची नावे सांगून देतो. वास्तविक त्याचा फार मोठा भाग रकान्यांत घडला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. आजच्या हिशेबाने पदवीच्या वर्गातले विद्यार्थी. ‘दर्पणा’त इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. आपण ही गोष्ट इतिहासातली एक मौज म्हणून सांगतो आणि पुढे जातो. परंतु एकच मजकूर दोन भाषांत, दोन समांतर रकान्यांत बसवण्याचा प्रयत्न करून पाहावा. मराठी वाक्य पसरले तर शेजारच्या रकान्यात कागद कोरा राहतो. ते आवळावे तर नव्या कल्पनेला शब्दच पुरत नाही. त्या काळच्या भाषांतरित गद्याची जी काही शिस्त आहे तिच्यात व्याकरणाइतकाच कागदाच्या रुंदीचाही वाटा असला पाहिजे. ‘दर्पणा’वर लिहिणाऱ्या किती प्रबंधकारांनी रकान्याची रुंदी मोजली?

आगरकरांचे उदाहरण घ्या. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. १८८७ मध्ये ते तेथून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी मराठी व इंग्रजी असा दोन्ही भाषांतला मजकूर असलेले ‘सुधारक’ काढले. हा प्रसंग आपण सामाजिक सुधारणा आधी की राजकीय आधी, या वादाच्या रूपाने शिकवतो. ते खोटे नाही. पण वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाला त्यातला दुसरा वाद लगेच दिसतो : पत्राचे मत कोणाचे? अग्रलेखाची जागा कोणाच्या ताब्यात? ही जागा कागदावर मोजता येते, आणि तिच्यासाठी माणसे आयुष्याची मैत्री तोडतात.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनदेखील छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हे सर्वश्रुत आहे. जातिव्यवस्था वृत्तपत्राच्या मजकुरात कशी येते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती पानाच्या मोकळ्या चौकोनात कशी येते यावर जवळजवळ नाही. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने भरून काढावे लागत, अशी नोंद बाबासाहेबांनी स्वतःच केली आहे. मला ही नोंद मराठी गद्याच्या इतिहासातील एक मोठी नोंद वाटते. येथे लेखक आपल्या श्रमाचे माप शब्दांत वा प्रकरणांत सांगत नाही, रकान्यांत सांगतो. आणि आपण काय करतो? ते रकाने सोडवतो, त्यांतले लेख ग्रंथाच्या सलग पानांवर उतरवतो, शेजारची बातमी, खालचे पत्र, मागची जाहिरात टाकून देतो आणि उरलेल्या गरावर प्रबंध लिहितो. हे संकलन आवश्यक होते, ज्यांनी ते केले त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र मूळ अंक ग्रंथालयात असूनही जो अभ्यासक ते उघडत नाही, त्याला त्या गद्याचा वेग का तसा आहे हे कळणार कसे? तो त्याला ‘वक्तृत्वपूर्ण शैली’ म्हणतो. उद्या अंक छापायला जायचा आहे आणि अजून सहा रकाने रिकामे आहेत, ही गोष्ट त्याच्या समीक्षेच्या परिभाषेत बसत नाही.

एवढे आपल्या म्हणजे साहित्यवाल्यांच्या पदरात घातल्यावर दुसऱ्या पक्षाकडे वळणे न्याय्य ठरेल. पत्रकारितेचे विभाग मराठी मुलखात काही काल-परवा निघालेले नाहीत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले, आणि त्याच्या उभारणीसाठी रोलंड वुल्झली हे अमेरिकन प्राध्यापक तेथे आले होते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला अभ्यासक्रम १९६४चा. त्यांतून पुष्कळ चांगले बातमीदार तयार झाले. परंतु आजच्या एकूण पत्रकारिता-शिक्षणात एक अलिखित वर्णव्यवस्था आहे : लिहिणारा वरचा, पान लावणारा खालचा. विद्यार्थ्याला बातमीचे पाच ‘क’कार घोकवले जातात, उलट्या मनोऱ्याची आकृती काढून दाखवली जाते, आणि मांडणी म्हणून एका संगणकप्रणालीच्या कळा शिकवल्या जातात. एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात मी पृष्ठरचनेचा स्वतंत्र पेपर सुचवला तेव्हा, ‘सर, ते काम ऑपरेटर करतो,’ असे उत्तर मिळाले. बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

ऑपरेटर करतो, हे खरे आहे. शंभर वर्षांपूर्वी ते खिळे जुळवणारा करीत होता. पण खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभे राहून संपादक ‘ही ओळ काढ, ते वर घे’ असे सांगत असे. कोणती ओळ काढली तर बातमीचा जीव जाणार नाही हे त्याला त्या क्षणी ठरवावे लागे. मराठीत विचाराचीही मांडणी असते आणि पानाचीही; शब्द एकच आहे. काय आधी, काय नंतर, काय मोठे, काय कोपऱ्यात, कशाच्या शेजारी काय : हा सगळा विवेक आहे. त्याला सजावट समजणे ही चूक साहित्य विभाग आणि पत्रकारिता विभाग दोघेही करतात. एरवी त्या दोघांचे एकमत क्वचितच होते.

आता बोरसी. हे दुर्ग शहराला लागलेले, भिलाईच्या औद्योगिक पट्ट्याच्या कडेचे ठिकाण. जुने गाव नव्या वसाहतींत मिसळून गेलेले. दुर्ग जिल्हा १९५६पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर मराठी कुटुंबे छत्तीसगडात आली. पुढे १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशभरातून जी माणसे तेथे आली त्यांत विदर्भातलीही होती. त्यांची मुले, नातवंडे आज या परिसरात आहेत. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी. यात दुःख करण्यासारखे काही नाही. चार भाषांत वावरणारे मूल एका भाषेत वावरणाऱ्यापेक्षा गरीब नसते. पण या मुलाची मराठी छापलेली कोठे दिसते? मंडळाच्या स्मरणिकेत.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांच्या स्मरणिका मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्या काढणाऱ्यांची निष्ठा वादातीत आहे. वर्गणी गोळा करून, नोकरी सांभाळून, हिंदी छापखान्यातून मराठी मजकूर छापून घेणे हे सोपे काम नव्हे. तरीही त्या स्मरणिकांचे भाषिक रूप काय असते ते स्पष्ट बोलले पाहिजे. अध्यक्षांचे मनोगत, शुभेच्छांच्या जाहिराती, दोन-तीन कविता, एक प्रवासवर्णन, बालविभाग, आणि अहवाल. अहवालातले क्रियापद ठरलेले : ‘संपन्न झाला’. हळदीकुंकू संपन्न झाले, व्याख्यान संपन्न झाले, पारितोषिक वितरण संपन्न झाले. ते कोणी केले, कोणी करायचे टाळले, किती खर्च झाला, कोण आले नाही आणि का, हे विचारण्याची सोय या क्रियापदात नाही. स्मरणिकेच्या मराठीला कर्ता लागत नाही. बातमीच्या मराठीचे कर्त्यावाचून चालत नाही.

ज्या भाषेत फक्त अभिनंदन होते आणि चौकशी होत नाही ती भाषा घरातल्या देव्हाऱ्यासारखी होते. रोज फूल वाहिले जाते, पण कोणी तिच्याशी भांडत नाही. बोरसीतल्या मराठी मुलीला आपल्या वसाहतीतल्या पाण्याबद्दल, कंत्राटी कामगार असलेल्या शेजाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीबद्दल बोलायचे असेल तर ती हिंदीत बोलते, कारण त्या गोष्टींची वाक्ये तिने हिंदीतच छापलेली पाहिली आहेत. तिला मराठीत ते शब्द येत नाहीत असे नाही. त्या शब्दांना पान मिळालेले तिने पाहिलेले नाही.

येथे एक गोष्ट आपणा मराठी अभ्यासकांना अडचणीत टाकणारी आहे, आणि ती मुद्दाम सांगतो. छत्तीसगडच्या वृत्तपत्रसृष्टीचा पाया घालणारा माणूस मराठीभाषक होता. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९००मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. ही तिन्ही नावे पुन्हा एकदा वाचावीत. सप्रे त्या वेळी पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक म्हणून नोकरी करीत होते. पेंड्र्यात छापखाना नव्हता. मजकूर तयार व्हायचा एकीकडे, छापला जायचा दुसरीकडे. मासिक तीन वर्षे चालले. हिंदीतील ग्रंथसमीक्षेला त्याने वळण लावले, १९०१ साली त्याच पानांवर सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. पुढे १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढला आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. सप्रे हिंदीत गेले म्हणून हळहळणारे लोक मला भेटतात. मला ती हळहळ समजत नाही. त्यांनी जेथे राहिले तेथल्या लोकांच्या भाषेत पत्र काढले, हे संपादकाचे पहिले कर्तव्य होते.

बोरसीहून पश्चिमेला फार दूर नसलेल्या राजनांदगावात १९५८पासून गजानन माधव मुक्तिबोध प्राध्यापक होते. घरची भाषा मराठी, कवी हिंदीचे. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. राजनांदगावला येण्यापूर्वी गजानन मुक्तिबोध नागपुरात ‘नया खून’ या साप्ताहिकात काम करीत होते. हे साप्ताहिक त्यांच्या चरित्रातला उपजीविकेचा तपशील म्हणून सांगितले जाते. माझी तक्रार येथेच आहे. शरच्चंद्रांच्या समीक्षेवर आपण चर्चासत्रे घेतो, गजाननांच्या दीर्घ कवितेवर हिंदीवाले घेतात, आणि साप्ताहिकाच्या दर आठवड्याच्या पानाने एका कवीला काय शिकवले हे दोन्हीकडे अनुत्तरित राहते. सप्रे आणि मुक्तिबोध यांच्या प्रदेशातल्या मराठी मुलांना आपण स्मरणिका देतो. यापेक्षा मोठी कृपणता ती कोणती?

शिकवायचे काय, असे विचारले जाईल. मी वर्गात करून पाहण्यासारखे दोन-तीन प्रसंग सांगतो. ते सर्व भिलाईचेच घेतो.

१ जुलै १९९२ रोजी भिलाईत आंदोलक कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. या घटनेचा मराठी मथळा दोन रकान्यांत लिहायला सांगावा. पहिला मथळा बहुधा असा येईल : ‘भिलाईत आंदोलनाला हिंसक वळण’. हे वळण कोणी दिले, असे विद्यार्थ्याला विचारावे. तो दुसरा मथळा लिहील : ‘भिलाईत गोळीबार, कामगार ठार’. गोळीबार कोणाचा? तिसरा येईल : ‘पोलिसांच्या गोळीबारात कामगार ठार’. आता भिलाई कोठे गेली? दोन ओळींत जास्तीत जास्त किती अक्षरे बसतात, हे मोजून दिलेले असेल तर स्थळ, कर्ता आणि परिणाम या तिघांत कोणाला उपमथळ्यात ढकलायचे हे ठरवावेच लागते. ‘जागा नव्हती म्हणून कर्ता गाळला’ हे उत्तर वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रोज दिले जाते. मोजून पाहिलेल्या विद्यार्थ्याला ते पटत नाही, कारण ‘पोलिसांच्या’ हा शब्द ‘हिंसक वळण’पेक्षा लांब नाही, हे त्याने हाताने पाहिलेले असते. मराठीची अकर्तृक वाक्ये सोयीची असतात : लाठीमार झाला, वस्ती हटली, वीज गेली, मजूर दगावला. व्याकरणाच्या तासाला कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवणाऱ्या आमच्या शिक्षकांना या प्रयोगांचे राजकारण शिकवण्यासाठी मथळ्याइतका चांगला फळा मिळणार नाही.

१२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ‘दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा ठार’ ही रचना हाताला किती सहज येते पाहा. त्यातल्या ‘सह’ या अव्ययाकडे विद्यार्थ्याचे लक्ष वेधावे. ते दोघांना नाव, पद आणि अग्रस्थान देते, आणि उरलेल्या चौघांना बेरजेत टाकते. पुन्हा ‘उपमहाव्यवस्थापकांसह’ हा एवढा लांबलचक शब्द की एका रकान्याच्या मथळ्यात तो मावतही नाही. येथे पानाची अडचण न्यायाच्या बाजूने उभी राहते. ‘वायुगळतीत सहा ठार’ हा मथळा आखूडही आहे आणि सहा जणांना सहा जण म्हणून मोजणाराही. त्यावर कोणी ‘दुर्दैवी दुर्घटना’ असे शब्द चढवील. वायू नळातून येतो, दैवातून येत नाही. तेव्हा ते विशेषण निळ्या पेन्सिलीने खोडावे.

तिसरा धडा वेळेचा. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे, भिलाईत हुडको वसाहतीतील घरात ते झोपलेले असताना झाली. पहाटे घडलेली घटना सकाळच्या दैनिकात येत नाही. अंक तोवर छापून वाटेला लागलेला असतो. दुसऱ्या दिवशीचे पान लागेपर्यंत गावाला बातमी ठाऊक झालेली असते. मग त्या पानावर काय द्यायचे? ‘हत्या’ हा मथळा शिळा, आणि तो न देणे अशक्य. या पेचातून बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहावा हे ठरवताना विद्यार्थी जे शिकेल ते कथनमीमांसेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही : वाचकाला शेवट ठाऊक आहे, तरी त्याने वाचले पाहिजे. शोकांतिका लिहिणाऱ्या नाटककारांपुढेही हाच प्रश्न असे. हा पेच मुंबईच्या विद्यार्थ्यालाही तितकाच उपयोगी आहे, पण बोरसीच्या विद्यार्थ्याला हुडकोचा रस्ता ठाऊक आहे, आणि तो रस्ता मराठी वाक्यात आणताना त्याला आपली भाषा प्रथमच परिसराला भिडलेली जाणवेल.

अक्षराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या विद्वानांना ते कारकुनी वाटते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार लागतात. तिच्या ओळींत रोमनपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मराठी शब्द प्रत्यय घेऊन लांबत जातो : विश्वविद्यालय, विश्वविद्यालयातले, विश्वविद्यालयातल्यांनीसुद्धा. आठ रकान्यांच्या पानात असा एक शब्द सबंध ओळ खातो, मग वरच्या ओळीतले शब्द दोन्ही कडांना ताणले जाऊन मध्ये पांढऱ्या भेगा पडतात. त्या भेगा बुजवण्यासाठी उपसंपादक शब्द बदलतो. वृत्तपत्री मराठी आखूड, तुटक का झाली याची काही कारणे या भेगांत आहेत. सर्व दोष लेखकाच्या रसिकतेवर टाकू नये. देवनागरीच्या छपाईला शेकडो खिळे लागत, म्हणून ते कमी कसे करता येतील यासाठी टिळकांसारखा संपादक स्वतः खटपट करीत होता. ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्याला हे काम हलके वाटले नाही.

बोरसीत हा प्रश्न आणखी वेगळा होतो. तेथला छापखाना हिंदीचा. त्याच्या संगणकावरचे वळण हिंदीचे. मराठीचा ल आणि श हे हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवताना ही वळणे नमूद केली. छत्तीसगडातल्या ऑपरेटरवर तो निर्णय बंधनकारक नाही आणि त्याला तो माहीत असण्याचे कारणही नाही. त्याहून अवघड ‘ऱ्या’. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या घळी. जुन्या हिंदी टंकात हा फरक उमटवताना अडचण येई. मराठी कवितेत दर्या आणि दऱ्या एक झाले तर रसिकाला कदाचित प्रतिमा सापडेल, बातमीत मात्र माणूस भलत्याच ठिकाणी बुडतो. ही गोष्ट ऑपरेटरला समजावून सांगणारा, त्याच्या शेजारी स्टुलावर बसून कोणती कळ दाबायची हे दाखवणारा मराठीचा एक तरी विद्यार्थी त्या गावात असावा, एवढी अपेक्षा फार नाही. र. कृ. जोशी यांच्यासारखा अक्षरकार कवीही होता आणि संगणकावरच्या ‘मंगल’ या देवनागरी वळणाचा कर्ताही. अरुण कोलटकरांनी जाहिरातीच्या क्षेत्रात दृश्यरचना केली आणि कविताही लिहिल्या. आपण त्यांच्या कविता अभ्यासक्रमात लावल्या. त्यांचा दुसरा हात आपण पाहिला नाही.

आणि विद्यार्थ्यांना हे झेपणार नाही, असे तर मराठीत कोणी म्हणूच नये. साठच्या दशकातली लघुनियतकालिके विशी-तिशीतल्या मुलांनीच काढली. अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’ ही नावे सर्वांना पाठ आहेत. प्रस्थापित मासिकांनी नाकारलेला मजकूर त्यांनी छापला, हे आपण शिकवतो. प्रस्थापित मासिकाचे पान नाकारून आपले पान त्यांनी स्वतः ठरवले, हे त्या चळवळीचे निम्मे म्हणणे होते.

आता आक्षेपांकडे. वृत्तपत्रेच संपत चालली आहेत, मुले बातम्या फोनवर वाचतात, मग रकाने कशाला मोजायचे, असे विचारणारे अनेक आहेत. छापील दैनिकांची स्थिती मी जाणतो. सकाळी अंक उघडावा तर पहिल्या पानाच्या जागी घरबांधणी कंपनीची पूर्ण पान जाहिरात असते आणि खरे पहिले पान आत दडलेले सापडते. पण फोनवरही कोणीतरी क्रम लावतोच. कोणती गोष्ट वर, कोणती खाली, कोणत्या मृत्यूनंतर कोणती जाहिरात, हे तेथेही ठरलेले असते. फरक एवढाच की ठरवणाऱ्याचे नाव कोठे लिहिलेले नसते. ज्याने आयुष्यात एकदा तरी स्वतः पान लावले आहे त्याला हा अदृश्य हात जाणवेल. ज्याने लावले नाही त्याला ते पान आपोआप उगवल्यासारखे वाटत राहील.

दुसरा आक्षेप आमच्या विभागांतून येतो : साहित्याचा विद्यार्थी व्यवसायशिक्षणात अडकेल. या आक्षेपात मला सोवळेपणा दिसतो, आणि त्याचा मूळ पुरुष तोच ‘वृत्तपत्री’ हा शेरा आहे. छंदशास्त्र शिकवताना आपण मात्रा मोजायला लावतो. मथळ्याची अक्षरे मोजायला लावली तर साहित्य बाटते?

जबाबदारीचा धडा मात्र मोजण्याने येत नाही, सहीने येतो. १८६७च्या कायद्यापासून भारतात नियतकालिकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक झाले. त्या कायद्याची जागा २०२३च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०२४पासून अमलात आला. बहुतेक वाचक शेवटच्या पानाच्या तळची ती बारीक ओळ वाचत नाहीत. पण देशद्रोहाच्या खटल्यापासून अब्रुनुकसानीच्या नोटिशीपर्यंत सर्व काही तिच्याच पत्त्यावर येते. महाविद्यालयाच्या व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकाला हा कायदा लागत नसला तरी त्याच्या तळाशी ती ओळ विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने लिहावी. वसतिगृहाच्या खाणावळीवर बातमी लिहिली आणि खाली आपले नाव आले की क्रियापदे आपोआप तपासली जातात, आणि विशेषणे गळतात. स्मरणिकेवर संपादक मंडळाची नावे असतात, छायाचित्रांसह. त्या नावांना कधी कोणी जाब विचारलेला नाही.

मागणी म्हणाल तर लहान आहे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका सत्राचा एक पेपर, लेखी परीक्षेऐवजी चार पानांचे चार अंक. बातम्या दोन किलोमीटरच्या आतल्या. पान आधी कागदावर पट्टी-पेन्सिलीने आखलेले, मग संगणकावर. महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांनी स्मरणिकेच्या खर्चातला चौथा हिस्सा अशाच एका पत्रकासाठी मुलांच्या हाती द्यावा आणि मजकुराला हात लावू नये; मंडळाच्या हिशेबाविषयी बातमी आली तरी नाही. शिकवणारे कोठून आणायचे हा प्रश्न बोरसीला पडेल, पण त्याचे उत्तर जवळ आहे. नागपूरच्या वृत्तपत्रांतून निवृत्त झालेले मुद्रितशोधक आणि उपसंपादक आहेत, आणि नागपूर-दुर्ग थेट गाड्या आहेत. महिन्यातून दोन दिवस यायला त्यांतले काही नक्की तयार होतील. त्यांचे मानधन मंजूर करताना विद्यापीठीय कार्यालयांनी पदव्युत्तर पदवीचे प्रमाणपत्र मागू नये, एवढी तजवीज कोणीतरी आधीच करून ठेवावी.